पाळीव प्राणी परदेशी न्यायचाय: पेट रीलोकेशनवाला पारखायचा कसा?

पाषाण_टेकडी

नमस्कार मंडळी,

नवऱ्याची बदली मँचेस्टरला झाली आहे. तो लगेच निघतोय, लेकीचं शाळेचं वर्ष संपलं की आम्ही दोघी जाऊ. सोबत गुंड्या आणि मनी. गुंड्या म्हणजे सोसायटीच्या गेटवर सापडलेलं पिल्लू, आता सहा वर्षांचा, २० किलोच्या आसपासचा इंडी. मनी साधी घरगुती मांजर, बाहेर कधीच जात नाही. दोघांना इथे ठेवून जायचं आमच्यापैकी कोणाच्याही मनात नाही, त्यामुळे 'कुणाला तरी देऊन टाका' हा सल्ला कृपया नको.

तीन पेट रीलोकेशनवाल्यांशी बोलले. नावं लिहीत नाही.

अ: सगळ्यात स्वस्त. "ताई, सगळं आमच्यावर सोडा, महिन्याभरात दोघं तिकडे." चिप (कातडीखाली टोचतात ती ओळखीची) नाहीये म्हटलं तर म्हणाला, "वार्षिक लस झाली आहे ना? मग चिप शेवटच्या आठवड्यात टाकू."

ब: पहिल्या फोनवर दर सांगितलाच नाही. लसीचं कार्ड, दोघांचे उभे फोटो, घरातलं कोण कोणत्या महिन्यात जाणार, हे सगळं आधी विचारलं. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाले, चार-साडेचार महिन्यांच्या आत होणार नाही. मला जरा रागच आला.

क: मोठं ऑफिस, छान वेबसाइट, खाली पाच-सहा आंतरराष्ट्रीय संस्थांचे लोगो. सगळ्यात महाग. पूर्ण रक्कम आगाऊ.

तिघांचं सांगणं इतकं वेगळं की खरं कोणाचं तेच कळेना. ज्यांनी प्राणी नेले आहेत किंवा या कामात आहेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

तीन_मांजरांची_आई

अ ला आजच नाही सांगा. बाकी आपले डॉक्टर लिहितीलच.

डॉक_नाशिक

लिहितो. मी पशुवैद्यक आहे, कुठल्याही एजंटाशी माझा संबंध नाही.

ब खरं बोलतोय. ब्रिटन आणि युरोपीय संघ या दोघांच्याही लेखी भारत रेबीजच्या बाबतीत 'असूचीबद्ध', म्हणजे मान्य यादीबाहेरच्या, देशांत येतो. त्यामुळे क्रम ठरलेला आहे आणि तो उलटा करता येत नाही. आधी मायक्रोचिप, आयएसओ मानकाची १५ अंकी. त्यानंतर रेबीजची लस. लस दिल्यावर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो आणि रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं प्रमाण ०.५ आययू प्रति मिली किंवा त्याहून जास्त यावं लागतं. नमुना घेतल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं आणि मगच प्रवास. लसीच्या दिवसापासून मोजलं तरी किमान चार महिने झाले. नमुना परदेशी पोहोचायला आणि निकाल यायला वेळ लागतो, पण तो या तीन महिन्यांतच सामावतो.

चिपच्या आधी दिलेली लस या कामासाठी धरत नाहीत. गुंड्याला सहा वर्षं दरवर्षी लस मिळाली असली तरी चिप टाकून पुन्हा टोचावी लागेल. 'चिप शेवटच्या आठवड्यात टाकू' म्हणणाऱ्याच्या हाती कुत्रा दिला तर तो लंडनच्या हीथ्रो विमानतळावर अडकेल. तिथे कागद चुकले की प्राण्याला चार महिन्यांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवतात किंवा परत पाठवतात, आणि खर्च मालकाचा.

मनीचंही तेच, चिप-लस-रक्त. घरातल्या मांजरींना आपल्याकडे बऱ्याचदा रेबीजची लस दिलेलीच नसते, तेव्हा तिचं कार्ड आजच काढून बघा.

आणखी एक, हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला करायला लावतो. रक्त काढायच्या आधी स्कॅनर फिरवून चिपचा नंबर मोठ्याने वाचायला सांगा. तो लसीच्या पुस्तिकेतल्या स्टिकरशी, नमुन्याच्या नळीवरच्या लेबलशी आणि प्रयोगशाळेच्या अर्जाशी अंकागणिक जुळवा. पंधरा अंकांतला एक इकडचा तिकडे झाला की रिपोर्ट कितीही चांगला असो, तो तुमच्या कुत्र्याचा धरत नाहीत. चांगल्या एजंटाचा माणूस हे स्वतःहून करतो.

पाषाण_टेकडी

बापरे. डॉक, मनापासून धन्यवाद. मनीला रेबीजची लस दिलेलीच नाही, आत्ता कार्ड पाहिलं. दोघांची चिप याच आठवड्यात करून घेते.

म्हणजे अ गेला. आता ब आणि क मध्ये कसं ठरवू?

राईनकाठी

जर्मनीत राहतो. थोडा वेगळा मुद्दा: एजंट लागतोच का, हे देशावर ठरतं. आम्ही बोका स्वतःच आणला, एजंटाशिवाय. युरोपीय संघात विमानकंपनीची परवानगी असेल तर मांजर किंवा लहान कुत्रा केबिनमध्ये आणता येतो. लुफ्तान्सा पिशवीसकट ८ किलोपर्यंत घेते, फक्त आधी नोंदवावं लागतं. रक्ततपासणी, तीन महिने, वगैरे सगळं डॉकनी लिहिलंय तसंच. शेवटी मुंबईच्या एक्यूसीएसकडून, म्हणजे केंद्र सरकारच्या पशू क्वारंटाइन कार्यालयाकडून, आरोग्य प्रमाणपत्र घ्यायचं, आणि ते सही झाल्यापासून १० दिवसांत युरोपात शिरायचं. फ्रँकफर्टला उतरल्यावर लाल मार्गिकेतून जाऊन कागद आणि बोका दोन्ही दाखवले. कागदपत्रांचं वाचन नीट करायची तयारी असेल तर हे जमतं.

पण ब्रिटनचं तसं नाही. तिथे विमानाने येणारा पाळीव प्राणी फक्त मॅनिफेस्ट कार्गो, म्हणजे विमानाच्या मालयादीत नोंदलेला माल, म्हणून येतो, केबिनमध्ये नाही आणि तुमचं सामान म्हणूनही नाही. तुम्हाला एजंट लागणारच. काही जण पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमपर्यंत आणून पुढे गाडीने कॅले आणि समुद्राखालच्या बोगद्यातून फोकस्टोनला नेतात. तो मार्ग चालतो. पण शाळकरी मुलगी, २० किलोचा कुत्रा, मांजर आणि घर हलवायचं सामान, एवढं एकटीने घेऊन हा द्राविडी प्राणायाम नकोच.

कार्गोवाला

मुंबई विमानतळावर, सहारच्या कार्गो कॉम्प्लेक्समध्ये बरीच वर्षं काम केलं आहे, जिवंत प्राण्यांची खेपही हाताळली आहे. क बद्दल बोलतो, कारण लोगो आणि ऑफिस पाहून लोक तिथेच फसतात.

या धंद्यात 'आम्ही पाठवतो' म्हणणारे बरेच जण स्वतः काहीच पाठवत नाहीत. ते गिऱ्हाईक घेतात आणि काम दुसऱ्याला देतात, तो तिसऱ्याला. मधला प्रत्येक जण आपला हिस्सा काढतो. रात्री अडीच वाजता टर्मिनलवर पिंजरा घेऊन एक पोरगा उभा असतो, त्याला कुत्र्याचं नावसुद्धा माहीत नसतं. तेव्हा क ला तीन गोष्टी विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा.

पहिली: एअर वे बिलावर, म्हणजे विमानाने जाणाऱ्या मालाच्या पावतीवर, एजंट म्हणून कोणाचं नाव येणार? तुम्ही ज्याला पैसे देताय त्याचंच नाव नसेल तर कोणाचं आणि का, हे त्याने सरळ सांगायला हवं.

दुसरी: त्या रात्री सहारला कोण असणार? माणसाचं नाव आणि मोबाइल.

तिसरी: हीथ्रोवर ताबा कोण घेणार? तिथल्या एजंटाचं नाव घ्या आणि तुम्ही स्वतः त्याला ईमेल करा, 'पुण्याहून अमुक कंपनी आमचा कुत्रा पाठवणार आहे, तुमच्याकडे चौकशी आली आहे का?' खरं काम करणाऱ्या कंपन्यांचे पलीकडच्या एजंटाशी जुने संबंध असतात, उत्तर एक-दोन दिवसांत येतं. ओळखच नसेल तर तेही कळतं. लोगो कोणीही चिकटवतो, पण पलीकडचा माणूस खोटी ओळख देत नाही.

आता पैसे. गुंड्या २० किलोचा म्हणून भाडं २० किलोचं, असं नसतं. विमानात भाडं वजनावर किंवा पिंजऱ्याने अडवलेल्या जागेवर, जे जास्त असेल त्यावर लागतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचं. १०१ × ६८ × ७६ चा पिंजरा घेतला तर तो ८७ किलो भरतो. म्हणून स्वस्त कोटेशन देणारा सगळ्यात आधी पिंजरा लहान धरतो. काउंटरवर विमानकंपनीचा माणूस टेप लावतो, कुत्र्याचे कान छताला लागताना बघतो आणि खेप नाकारतो. मग त्याच रात्री धावपळ करून मोठा पिंजरा, वाढीव भाडं, किंवा विमानच चुकतं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय आणि त्या कुत्र्याची घालमेलही.

आयाटाचा, म्हणजे विमानकंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, पिंजऱ्याचा हिशोब तुम्ही घरी करू शकता. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत त, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत थ, खांद्यांची रुंदी द, उभं असताना डोकं किंवा कानाचं टोक, जे उंच असेल तिथपर्यंत ध. आतली लांबी त अधिक थ चा अर्धा, रुंदी द च्या दुप्पट, उंची ध अधिक अंथरुणाची जाडी. समजा गुंड्याची मापं ७०, ३०, २२, ६० आली तर पिंजरा आतून ८५ लांब, ४४ रुंद आणि ६० हून थोडा उंच. हे कमीत कमी. मापं काढा आणि कोटेशनमधल्या पिंजऱ्याशी ताडून बघा. पिंजऱ्याचं मापच लिहिलेलं नसेल तर त्या कोटेशनला अर्थ नाही.

पाषाण_टेकडी

कार्गोवालादादा, हे सोन्यासारखं आहे. आत्ता टेप घेऊन गुंड्याला मोजलं. कान धरून ६३ भरला. क च्या कोटेशनमध्ये पिंजऱ्याचं माप नाही, फक्त 'आयाटा मान्य पिंजरा' लिहिलंय. ब च्या कोटेशनमध्ये बाहेरचं आणि आतलं दोन्ही मापं आहेत.

लोगोंमध्ये इपाटाचाही आहे. त्याला काही अर्थ आहे का?

कार्गोवाला

आहे, पण तपासल्यावर. इपाटा ही प्राणी वाहतूकदारांची आंतरराष्ट्रीय संघटना, १९७९ पासूनची. सभासदांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर देशवार शोधता येते. कंपनीच्या वेबसाइटवरच्या लोगोवर विसंबू नका, त्या यादीत जाऊन नाव, गाव आणि ईमेल जुळतो का ते बघा. आणि सभासद असणं म्हणजे काम उत्तम असण्याची हमी नव्हे. सभासद नसलेले चांगले लोकही मी पाहिले आहेत. पण लोगो आहे आणि यादीत नाव नाही, तर विषय संपला. जो इतक्या छोट्या गोष्टीत खोटं बोलतो त्याच्या हाती जीव द्यायचा नाही.

जीएसटी क्रमांकही सरकारी पोर्टलवर टाकून बघा. कंपनीचं कायदेशीर नाव आणि नोंदणीची तारीख दिसते. पैसे भरायचं बँक खातं त्याच नावाचं हवं, मालकाच्या किंवा मेव्हण्याच्या नावाचं नको.

चिंचवडची

यालाच जोडून लिहिते. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या मुलीला 'परदेशातून मोफत पिल्लू, फक्त वाहतूक खर्च द्या' म्हणून गाठलं. मग एका 'पेट ट्रान्सपोर्ट' कंपनीचा ईमेल, ट्रॅकिंग नंबर, पिल्लाचे फोटो. आधी भाडं, मग 'एसी पिंजऱ्याचे पैसे, परत मिळतील', मग विमा, मग 'पिल्लू विमानतळावर अडकलंय, आज पैसे न भरल्यास तुमच्यावर प्राण्याला सोडून दिल्याची केस'. पिल्लू नव्हतंच. पोरीची वर्षभराची बचत गेली. तिला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला तर त्या फोटोतल्या पिल्लाचा. ते कुठेतरी अडकून पडलंय असं तिला बरेच दिवस वाटत राहिलं.

कार्गोवाला

वाईट वाटलं वाचून. ओळखायची सोपी खूण लिहून ठेवतो. एअर वे बिलाचा नंबर ११ अंकी असतो, पहिले तीन अंक विमानकंपनीचे. ०९८ एअर इंडिया, १२५ ब्रिटिश एअरवेज, ०२० लुफ्तान्सा. तो नंबर एजंटाने दिलेल्या लिंकवर टाकू नका, त्या विमानकंपनीच्या स्वतःच्या कार्गो साइटवर टाका. तिथे दिसला तरच खेप आहे.

न्यूजर्सीकर

अमेरिकेला नेणाऱ्यांसाठी, कारण इथे नियम बदललेत आणि भारतातले काही एजंट अजून जुनंच सांगतात. १ ऑगस्ट २०२४ पासून सीडीसीचे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचे, नवे नियम लागू आहेत. भारत कुत्र्यांच्या रेबीजसाठी 'उच्च जोखीम' देशांत आहे. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, चिप हवी, सीडीसीचा ऑनलाइन अर्ज हवा, आणि भारतात लस झाली असेल तर लस व चिपचं ठरावीक प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्यकाच्या शिक्क्यासह. सीडीसीमान्य प्रयोगशाळेचा टायटर, म्हणजे प्रतिपिंडांच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट नसेल तर २८ दिवस क्वारंटाइन. रिपोर्ट असला तरी सीडीसीकडे नोंदलेल्या प्राणी केंद्रात आधी जागा राखून ठेवायची, तिथे तपासणी होते आणि पुन्हा लस देतात. आणि ज्या विमानतळावर असं केंद्र आहे तिथेच उतरता येतं. नियम आले तेव्हा जेएफके, लॉस एंजेलिस, मायामी, अटलांटा, वॉशिंग्टन डलेस आणि फिलाडेल्फिया होते. ताजी यादी सीडीसीच्या साइटवर बघूनच तिकीट काढा.

आमच्या ओळखीच्या कुटुंबाला भारतातल्या एजंटाने सरळ नेवार्कचं बुकिंग करून दिलं होतं, घराजवळ पडतं म्हणून. विमानकंपनीने कागद मागितले तेव्हा उलगडा झाला. तारीख बदलली, भाडं बदललं, आणि एजंट म्हणाला 'नियम आत्ताच आला'. तो येऊन कित्येक महिने झाले होते.

मांजरांना सीडीसीची ही रेबीजची अट नाही, बाकी राज्याचे आणि विमानकंपनीचे नियम पाहावे लागतात.

माझ्या मते एजंटाला विचारायचा प्रश्न एकच: आमच्या देशाचा नियम शेवटचा कधी बदलला आणि काय बदलला? ज्याचं हे रोजचं काम आहे तो न अडखळता सांगतो.

मेलबर्न_मराठी

ऑस्ट्रेलियाबद्दल थोडक्यात. भारतातून कुत्रा-मांजर थेट आणताच येत नाही. मान्यताप्राप्त तिसऱ्या देशात कित्येक महिने काढून मगच येतात, आणि उतरतात फक्त मेलबर्नला, मिकलहॅमच्या सरकारी क्वारंटाइन केंद्रात. 'मुंबई-सिडनी थेट करून देतो' म्हणणारा भेटला तर फोन ठेवून द्या.

म्हापसेकार

गोव्याहून नमस्कार. हरमल, मोरजीला येणारे पर्यटक किनाऱ्यावरच्या कुत्र्यांत इतके गुंततात की घरी न्यायचं ठरवतात. त्यातल्या काहींना मदत करतो, म्हणून एक गोष्ट लिहितो जी पाषाणताईंनाही लागू आहे.

ब्रिटन आणि युरोपात प्राणी 'पाळीव, बिगर-व्यापारी' धरायचा तर मालक स्वतः प्राण्याच्या आधी किंवा नंतर पाच दिवसांच्या आत प्रवास करणारा असावा लागतो, प्राणी त्याने लेखी नेमलेल्या माणसासोबत गेला तरी. नाहीतर तो व्यापारी खेपेच्या नियमांत जातो, आणि ते वेगळंच जंगल आहे. ताई, तुमचे यजमान आधीच जाताहेत. प्राणी तुमच्या नावावर आणि तुमच्या तिकिटाला धरूनच ठेवा. "तुम्ही सगळे पुढे व्हा, आम्ही सवडीने पाठवतो" असं कोणी म्हणालं तर त्याला हा नियम माहीत नाही किंवा तो सांगत नाहीये.

कॅनडाने तर २८ सप्टेंबर २०२२ पासून भारतासारख्या देशांतून व्यापारी वर्गात येणारे कुत्रे बंदच केले. दत्तक देण्यासाठी नेलेला कुत्राही त्यात येतो. आमच्या बऱ्याच जिवांची दारं तिथे बंद झाली.

एक्यूसीएसची केंद्रं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबादला. आम्हाला प्रत्येक वेळी मुंबई किंवा बेंगळुरू गाठावं लागतं. कोटेशनमध्ये तो रस्त्याचा प्रवास, प्राण्याचा मुक्काम आणि सोबतीचा माणूस धरलाय का, हे पुण्यावाल्यांनीही विचारावं.

पाषाण_टेकडी

म्हापसेकरदादा, क ने नेमकं हेच म्हटलं होतं! "मॅडम, तुम्ही आधी सेटल व्हा, महिन्याभराने आम्ही पाठवतो." ब ने माझ्या तिकिटाची तारीख विचारली होती आणि मला वाटलं, याला कशाला हव्यात चौकशा.

पग_का_नाही

मध्येच विचारतो, माफ करा. आमचा पग आहे, सिंगापूरला न्यायचाय. दोन एजंट नाही म्हणाले. तिसरा म्हणतोय, कागदावर मिक्स ब्रीड लिहू, काही होत नाही. घ्यावा का त्याला?

डॉक_नाशिक

नाही, अजिबात नाही. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर यांचा श्वासमार्ग मुळातच अरुंद असतो. उष्णता आणि ताण वाढला की धाप लागते, आणि धापेनेच ते शरीर थंड करतात. विमानकंपन्या उगाच नाही म्हणत नाहीत. ज्या घेतात त्या नेहमीपेक्षा मोठा पिंजरा मागतात आणि उन्हाळ्यात बहुधा टाळतात. कागदावर जात खोटी लिहिली तर हाताळणाऱ्याला कळणारच नाही की या जिवाकडे जास्त लक्ष द्यायचं आहे. दोघांनी नाही म्हटलं ते तुमच्या भल्याचं होतं. थंडीत, कमीत कमी थांब्यांच्या विमानाने, खऱ्या कागदांवर घेणारी कंपनी शोधा. त्याआधी एकदा छाती आणि नाक नीट तपासून घ्या.

झोपेच्या औषधाबद्दलही इथेच लिहितो. "एक इंजेक्शन देऊ, लंडनपर्यंत झोपेल" असं म्हणणारा एजंट लगेच सोडा. गुंगीत रक्तदाब आणि शरीराचं तापमान सांभाळलं जात नाही, तोल जातो, आणि वर बघायला कोणी नसतं. आयाटाही गुंगी देऊ नका म्हणते, आणि गुंगीतला प्राणी विमानकंपन्या सहसा स्वीकारत नाहीत. त्याऐवजी पिंजरा आत्ताच घरात आणा. दार काढून ठेवा, जेवण आत द्या, तुमची न धुतलेली जुनी ओढणी आत टाका. आठवड्याभरात तो स्वतःहून आत जाऊन पडायला लागला की मग दार लावायचा सराव, आधी मिनिटभर, मग वाढवत. प्रवासाच्या दिवसापर्यंत पिंजरा त्याला स्वतःची जागा वाटला पाहिजे. जो एजंट पिंजरा आदल्या दिवशी आणून देतो, त्याने प्राण्याचा विचार केलेला नाही. करारात लिहून घ्या की पिंजरा किमान दीड-दोन महिने आधी घरी येईल.

पग_का_नाही

कळलं डॉक. नाही म्हणालेल्यांपैकी एकाला पुन्हा फोन करून थंडीतलं विचारतो.

तीन_मांजरांची_आई

पाषाण_टेकडी, मनीसाठी एक. कुत्र्यांचंच बोलणं जास्त होतं म्हणून. मांजर घाबरली की खात नाही, लघवी रोखते. तिचा पिंजरा गुंड्याच्या शेजारी ठेवणार का, हे विचारा. एकमेकांची सवय असेल तर शेजारी बरं, नाहीतर तिला कुत्र्यांच्या रांगेपासून लांब ठेवायला सांगा. पिंजऱ्यात शोषून घेणारं अंथरूण हवं. आणि आदल्या रात्री तिला एका खोलीत बंद ठेवा! मांजरांना निघायची चाहूल लागते, मग पलंगाखालून काढता काढता गाडीची वेळ टळते.

पाषाण_टेकडी

सगळ्यांना कळवायचं होतं. क ला कार्गोवालादादांचे तिन्ही प्रश्न ईमेलने पाठवले. चार दिवसांनी उत्तर: "आमचे असोसिएट पार्टनर बघतील, काळजी नसावी." नाव नाही, फोन नाही. इपाटाच्या यादीत नाव शोधलं, नाही.

ब ने त्याच संध्याकाळी तिन्हींची उत्तरं दिली. सहारला येणाऱ्या माणसाचं नाव, लंडनच्या एजंटाचा पत्ता, आणि वर लिहिलं की गुंड्याच्या कानांची उंची आम्ही फोटोवरून कमी धरली होती, ६३ असेल तर एक माप मोठा पिंजरा लागेल आणि भाडं इतकं वाढेल. वाढीव रक्कम सांगितली म्हणून मला उलट बरं वाटलं. लंडनच्या एजंटाला ईमेल केला, त्यांनी ब ला ओळखतात असं कळवलं आणि मागच्या काही महिन्यांत एकत्र केलेल्या खेपांबद्दलही लिहिलं.

ब ठरवायच्या आधी करारात अजून काय बघू?

कार्गोवाला

पैशांचे टप्पे. नोंदणीला थोडे, टायटरचा निकाल आल्यावर काही, विमानाचं बुकिंग झाल्यावर उरलेले. रक्ताचा निकाल ०.५ च्या खाली आला तर पुन्हा लस, पुन्हा नमुना आणि पुन्हा तीन महिने. तेव्हा तुम्ही भरलेल्या पैशांचं काय, हे आत्ताच लिहून घ्या.

काय समाविष्ट नाही याची यादी मागा. टर्मिनलचं शुल्क, एक्यूसीएसचं शुल्क, हीथ्रोवरची तपासणी आणि कस्टम्स, तिथून मँचेस्टरपर्यंतची गाडी. स्वस्त कोटेशन बहुतेक वेळा हीथ्रोच्या दारात संपतं.

विमान रद्द झालं किंवा उष्णतेमुळे कंपनीने त्या दिवशी प्राणी नाकारला तर प्राणी कुठे राहील, कोणाकडे, खर्च कोणाचा. शाळेचं वर्ष संपल्यावर म्हणजे तुमचं एप्रिल-मे येणार. मुंबईचा मे लक्षात घेऊन रात्रीचं आणि शक्य तर थेट विमान मागा.

राईनकाठी

आणि गुंड्याचं जंताचं औषध! ब्रिटनमध्ये शिरण्याआधी कमीत कमी २४ आणि जास्तीत जास्त १२० तास, पशुवैद्यकाने दिलेलं आणि कागदावर वेळेसकट नोंदलेलं. मांजरीला लागत नाही. विमान दोन दिवस पुढे गेलं तर हे तास चुकू शकतात, तेव्हा पुन्हा औषध देणं ही एजंटाची जबाबदारी असेल असं लिहून घ्या.

डॉक_नाशिक

बरोबर. औषधात प्राझिक्वान्टेल असायला हवं, नाव कागदावर स्पष्ट लिहा.

लीड्सहून

उशिरा वाचला धागा. ताई, एक राहिलं आहे. प्राणी कार्गोने येतात म्हणून ब्रिटनचं कस्टम्स त्यांना आयात धरतं. तुम्ही राहायला येताय तर 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स' सवलतीसाठी टीओआर१ अर्ज ब्रिटिश कर खात्याकडे आधीच करा. मंजुरीचा क्रमांक मिळाला की तो लंडनच्या एजंटाला द्या, नाहीतर दोघांवर व्हॅट लागू शकतो. यजमान आधी येताहेत, घराचा पत्ता झाला की हा अर्ज त्यांना लगेच करायला सांगा. त्यात गुंड्या आणि मनी दोघांचाही उल्लेख हवा, घरसामानाच्या यादीत लोक प्राणी लिहायला विसरतात.

हीथ्रोवर त्यांना सिटी ऑफ लंडनच्या ॲनिमल रिसेप्शन सेंटरमध्ये नेतात. चिप वाचतात, कागद बघतात, पाणी देतात. सगळं व्हायला काही तास लागतात. तुम्ही त्याच दिवशी उतरत असाल तर मुलीला घेऊन तिथे ताटकळू नका, एजंटाची गाडी घरपोच आणेल.

पाषाण_टेकडी

हे कोणीच सांगितलं नव्हतं. ब ला विचारलं, ते म्हणाले हो, पत्ता मिळाला की आम्ही आठवण करणारच होतो, त्यांच्या यादीत आहे. यादी पाठवायला सांगितली आणि त्यांनी पाठवली. टीओआर१ सातव्या ओळीत आहे.

ब ठरला. काल दोघांना चिप टाकली आणि त्याच बैठकीत, चिप वाचून झाल्यावर, लस. नंबर मी स्वतः स्टिकरशी जुळवला. रक्ताचा नमुना ३० दिवस पूर्ण झाल्यावर घेणार, डॉक. पिंजरे पुढच्या आठवड्यात घरी येताहेत. निकाल आला की इथेच लिहीन.